गोधडीखालचं पाणी

ताडपत्री उचलली तेव्हा ती वरून खडखडीत कोरडी होती. खालची गोधडी मात्र ओली.

"आता बोला," दुधाने म्हणाले.

मी गुडघ्यांवर बसले आणि दोन पट्ट्यांच्या जोडावर बोट दाबलं. बोट आत गेलं आणि राखाडी, बुळबुळीत चिखल घेऊन बाहेर आलं, शिळ्या खळीसारखा. सलग तिसरी सकाळ होती ही. पाऊस नव्हता, जवळपास नळ नव्हता. पौषातलं दव पडून पडून किती पडणार? आणि पडलं तरी ते ताडपत्रीच्या वर पडायला हवं, खाली कसं शिरणार?

"गावाचं काम आहे हे," दुधाने म्हणाले. "लिहून देतो तुम्हाला."

दुधाने ठेकेदाराचे इंजिनिअर. जगात जे जे बिघडतं ते गावामुळे बिघडतं, असा त्यांचा ठाम सिद्धांत होता. माझा तेव्हा कुठलाच सिद्धांत नव्हता. मी चोवीस वर्षांची होते, लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि काम तपासून सही करायला नगरपालिकेने आमच्या कंपनीतर्फे मला तिथे उभं केलं होतं. माझी सही झाल्याशिवाय पुढचा थर पडायचा नाही. एवढा अधिकार त्याआधी मला कुणी दिला नव्हता, त्यामुळे मी तो जरा जास्तच ताठ मानेने मिरवत होते.

काम साधं होतं. माळशेंडी गावाच्या वर दगडाची जुनी खाण होती, त्या खड्ड्यात शहराचा कचरा पुरायचा होता. कचरा कुजला की त्याचं काळं पाणी होतं. ते जमिनीत मुरू नये म्हणून खड्ड्याच्या तळाला अस्तर घालायचं. आधी दाबून बसवलेली माती, तिच्यावर ही गोधडी, तिच्यावर जाड काळं प्लास्टिक. कागदावर गोधडीचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण मजुरांनी पहिल्याच दिवशी तिला ओळखलं. दोन कापडं, मध्ये बारीक पूड केलेली माती, आणि सगळं मिळून सुयांनी टाचलेलं. गोधडीच की ती. वर भार असताना आतल्या मातीला पाणी लागलं, की ती फुगून घट्ट होते आणि स्वतःच भोक बुजवते. पण वर भार नसताना भिजली, तर नुसती फुगून बसते आणि वाया जाते. म्हणून ती अंथरली त्याच दिवशी झाकायची असते. आमचं प्लास्टिक जोडायचं यंत्र नेमकं तेव्हाच बिघडलं. त्याचा भाग पुण्याहून यायचा होता, आणि तोवर नऊ पट्ट्या ताडपत्रीखाली पडून होत्या.

खाणीच्या काठावर गयाबाई वाघमोडे शेरडं घेऊन बसलेली असायची. तिची विहीर खाणीच्या उताराला, तीनशे पावलांवर. वस्तीवरच्या सहा घरांचं पिणं त्या विहिरीवर. खड्ड्याला विरोध म्हणून गावाने मोर्चा नेला, निवेदनं दिली, आणि मग जो तो आपापल्या कामाला लागला. गयाबाई तेवढी रोज येऊन बसायची. भांडायची नाही, नुसती बघायची. तिच्या नजरेसमोर काम करणं मला भांडणापेक्षा जड जायचं.

त्या सकाळी ती वरूनच म्हणाली, "पाणी लागलं जणू."

"दव आहे मावशी," मी म्हटलं.

"दव न्हाई. झरा हाय तितं. माझी सासू सांगायची, खाण खांदली तवा पाणी लागलं हुतं म्हून. जमीन तपासाय आलेल्या तुमच्या सायबाला सांगितलं हुतं, त्यानं ल्हिवून घेतलं न्हाई."

दुधाने हसले. मला हसू आलं नाही. जमीन तपासणीच्या अहवालात, तीन ठिकाणी भोकं पाडली आणि तिन्ही कोरडी निघाली, असं लिहिलेलं होतं. पण मे महिन्यात पाडलेली भोकं कोरडी निघणार नाहीत तर काय होणार?

मग मी डोकं लढवायला घेतलं. गोधडीच्या कडेला एक खड्डा खणून घेतला. दोन फुटांपर्यंत कोरडं. म्हणजे झरा नाही. तळाच्या सखल कोपऱ्यात दुसरा खणला, तिथे एका फुटावर माती ओलसर लागली. म्हणजे झरा आहे. ओल नेमकी पट्ट्यांच्या जोडांवरच होती, मधल्या भागात नव्हती. झरा काय जोड बघून वर येतो? पण जोडांत आम्ही तीच पूड सुटी भुरभुरलेली होती, पोत्यातून काढून. ती खालचं पाणी ओढून घेत असेल, असंही म्हणता येत होतं. दुपारपर्यंत मी दोन्ही बाजूंनी इतके मुद्दे काढले की माझं मलाच कळेना मी कुठल्या बाजूची आहे.

"माणूसच असणार," दुधाने म्हणाले. "पोलिसांत तक्रार देऊ."

"आधी खात्री करू या."

खात्री करायची युक्ती माझीच. आमचे रात्रपाळीचे वॉचमन म्हणजे पांढरमिसे अण्णा. साठी गाठलेला, सडसडीत, मितभाषी माणूस. संध्याकाळी पाचला यायचे आणि सकाळी आमची जीप दिसली की सायकलवर टांग टाकून घरी जायचे. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "अण्णा, रात्री कोणी येतं का इकडे?"

"चिटपाखरू न्हाई."

"तरी बघू या. तुमच्या चुलीतली राख आहे का? ताडपत्रीच्या चारी बाजूंनी पसरू. कोणी आलं तर पाय उमटतील."

अण्णांना युक्ती आवडली. त्यांनी राख चाळून घेतली, खडे काढले आणि रांगोळीच्या निगुतीने ती सगळीकडे पसरली. सकाळी आम्ही येऊन बघतो तो राखेत ठसे होते, पण फक्त अण्णांच्या बुटांचे. ते तर असणारच, राखण तेच करतात. दुसरं माणूस नाही, जनावर नाही. आणि ताडपत्री उचलली तर जोड कालच्यापेक्षा ओले.

दुधान्यांचा चेहरा उतरला. मी मात्र एकेक शक्यता खोडत होते. माणूस नाही, दव नाही. मग उरलं काय?

मी काठावर चढून गयाबाईजवळ गेले आणि जे बोलायचा मला काडीचा अधिकार नव्हता ते बोलून बसले. "मावशी, झराच असावा."

तिने जवळचं शेरडू ओढून घेतलं. शेरडाच्या पाठीवर हात ठेवून खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मग आता हितं कचरा न्हाई पडायचा?"

"झरा असेल तर नाही पडणार. नियमच आहे तसा."

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. तळाखाली जिवंत पाणी असण्याची शक्यता आहे, काम थांबवावं. नगरपालिकेचे अभियंते सोमवारी पाहणीला येणार असं ठरलं. शनिवारी वस्तीवरच्या बायका हळदकुंकू घेऊन आल्या. सखल कोपऱ्यातल्या त्या ओलसर खड्ड्याला त्यांनी नारळ फोडला. मग गयाबाईने मला खाली बसवलं आणि माझी ओटी भरली. खण, नारळ, ओंजळभर गहू. माहेर सोडून आल्यावर इतक्या मायेने माझी ओटी कुणी भरली नव्हती. माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

रविवारी सुट्टी. मी पत्राची प्रत साइटवरच्या कपाटात विसरले होते, ती आणायला संध्याकाळी गेले. ऊन कलतं होतं. जाताजाता ओल बघावी म्हणून खड्ड्यात उतरले आणि जागच्या जागी थांबले.

अण्णांनी ताडपत्रीची एक कड उलटून तिच्यावर दगड ठेवले होते. बूट काढून बाजूला नीट जोडीने मांडलेले. हातात झारी, शेजारी मातीवर मारायला आणलेल्या पाण्याचं पिंप. वाफ्यातल्या रोपांना घालावं तसं ते जोडाच्या रेषेवरून हळूहळू पाणी घालत चालले होते. एक थेंब इकडेतिकडे नाही.

"अण्णा," मी म्हटलं, "हे काय करताय?"

त्यांनी मान वर केली. दचकले वगैरे नाहीत. "पाणी मारतोय."

"कशाला?"

आता त्यांना माझी काळजी वाटल्यासारखी दिसली. "कशाला म्हंजी? जोडाला शिमिट टाकलंय न्हवं? पाणी नगं द्यायला? तडं जात्याल की."

"सिमेंट नाही ते अण्णा."

"आसं?" त्यांनी पोत्यांच्या थप्पीकडे पाहिलं. करडी पूड, कागदी पोती. मीही पाहिलं. सिमेंट नाही तर दुसरं काय वाटेल कुणाला? "पन तुमीच सांगितलं हुतं की."

"मी?"

"मातीचा थर दाबला त्या दिवशी. म्हनला, अण्णा, तळ वाळू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ पाणी मारत जा. मंग मारतोय. बंद कर म्हून कुनी सांगितलं न्हाई." झारी खाली ठेवून ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "येकतीस वर्सं बांधकामावर वाचमनकी केली मॅडम. वाचमन आन पाणी मारनारा येकच आसतो. माझ्या हातच्या स्लॅबला आजवर तडा न्हाई."

आठवलं मला. मातीला उन्हाने भेगा पडू नयेत म्हणून मी तसं सांगितलं होतं. बरोबरच सांगितलं होतं. दोन दिवसांनी वर गोधडी आली, नवीन सूचना निघाल्या, मी मजुरांना उभं करून अर्धा तास समजावलं की हिला थेंबभर पाणी लागता कामा नये. तेव्हा अण्णा घरी झोपलेले होते. रात्रपाळीच्या माणसाला दिवसाच्या सूचना कोण सांगतं?

"पण मी इतके दिवस विचारतेय," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला. "राख पसरली आपण."

"तुमी इचारलं, कोन येतं का. कोन येत न्हाई. पाण्याचं तुमी इचारलंच न्हाई. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं, त्यात लपवायचं काय?" जरा थांबून ते म्हणाले, "झरा लागलाय म्हनत्यात. खरं का वो? मला तर कुटं दिसला न्हाई."

मी तिथेच पोत्यांवर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. आधी हसू आलं, मग मी घड्याळ बघितलं. सोमवारच्या पाहणीला सोळा तास होते. पत्र गेलेलं होतं, नारळ फुटलेला होता. अण्णांना उद्यापासून पाणी मारू नका म्हटलं की संपलं. खड्ड्यात ओल होती हे खरं, राखेत परकं पाऊल नव्हतं हेही खरं. मी एक शब्दही खोटा न बोलता नुसती गप्प राहिले असते, तरी माळशेंडीचा कचरा टळला असता.

आणि टळला तर काय वाईट होतं? मला कळेना. शहराचा कचरा तेव्हा एका ओढ्याच्या काठी उघड्यावर पडत होता, तिथेही वस्ती होतीच. तिथली गयाबाई मी पाहिलेली नव्हती एवढंच. आणि सासूने सांगितलेला झरा खरंच असला तर? अण्णांनी पाणी घातलं म्हणून झरा नाही, असं थोडंच सिद्ध होतं? अंधार पडेपर्यंत मी त्या पोत्यांवरच बसून होते.

सोमवारी सकाळी सातला मी गयाबाईच्या वस्तीवर गेले. ती चुलीपुढे होती. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

ती भाकरी थापायची थांबली नाही. "मला कशाला सांगाय आलीस?"

"तुम्हाला आधी सांगायला हवं म्हणून."

"आन मंग त्येस्नी सांगनार?"

"हो."

"म्हायती कुनाला हाय?"

"मला. अण्णांना, पण त्यांना त्याचा अर्थ माहीत नाही."

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मंग गप बस की, बाय. येक दिस गप बस. आजवर समदे सायेब गप बसूनच ग्येले, आमच्या नावानं येक जन गप बसला तर काय आभाळ कोसळंल?"

मी पिशवीतून खण आणि नारळ काढून उंबऱ्यावर ठेवायला गेले.

"उचल त्ये," ती म्हणाली. "ओटी परत घेत नसत्यात."

नऊ वाजता साहेब आले. गाव काठावर जमलेलं होतं, गयाबाईही होती. मी सांगितलं. पाणी कुणी घातलं, आणि कुणाच्या सांगण्यावरून घातलं, तेही. माझा आवाज इतका बारीक झाला होता की साहेबांनी मला दोनदा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा काठावर सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी शिवी दिली नाही. माणसं एकेक करून निघून गेली.

मी हे का केलं? खरं बोलायचं व्रत होतं म्हणून, असं म्हणण्याइतकी मी थोर नव्हते. त्या खड्ड्यात माझी एकच गोष्ट होती, माझी सही. एकदा ती खोट्यावर टेकली की पुढे कशालाच टेकता येणार नाही, अशी काहीशी भीती होती. पण ती भीती गयाबाईच्या विहिरीपेक्षा मोठी कशी झाली, हे मला नीट सांगता येत नाही.

दुधाने म्हणाले, आता कारण कळलं ना, थोडीशी तर ओल आहे, टाका वर प्लास्टिक. मी नाही म्हटलं. नऊच्या नऊ पट्ट्या उचलायला लावल्या. ते माझ्यावर इतके चिडले की महिनाभर 'मॅडम' सोडून फक्त 'तुम्ही' म्हणत होते. नव्या पट्ट्या अंथरल्या आणि प्रत्येक पट्टी त्याच दिवशी झाकली. प्रत्येक जोडावर मी स्वतः ओणवी होऊन हात फिरवला.

अण्णांना कोणी काढलं नाही, चूक माझी होती हे मी लेखी दिलं होतं. पण मंगळवारी सकाळी ते जीपची वाट बघत थांबले. काठी आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

"अण्णा, तुमची काही चूक नाही."

"ते झालं वो. पन माझ्या पाण्यानं आजवर काय बिघडलं नव्हतं," ते म्हणाले, आणि सायकल हातात धरून चालत गेले. सायकलवर बसले नाहीत. ती पाठमोरी आकृती मला फार दिवस छळत राहिली.

खड्डा सुरू झाला. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी दर वर्षी तपासायचं असा नियम होता, आणि पहिल्या तपासणीला कंपनीने मलाच पाठवलं. पुन्हा पौष. मी बाटल्या घेऊन गयाबाईच्या विहिरीवर गेले. ती वाट बघत असल्यासारखी काठावर उभी होती. वर्षभरात बरीच वाकली होती. शेजारी दोन घागरी. सुनेने हळूच सांगितलं की खड्ड्यात पहिली गाडी रिकामी झाली त्या दिवसापासून सासूबाई या विहिरीचं पाणी तोंडाला लावत नाहीत, कुणाला लावूही देत नाहीत. सगळी वस्ती मैलभरावरच्या हापशावरून पाणी आणते.

मी दोर लावलेली बाटली विहिरीत सोडायला वाकले.

"बाटली मागनं," गयाबाई म्हणाली. तिने पोहऱ्याने पाणी शेंदलं, तांब्यात ओतलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला. "आदी तू पी."

माझ्या हातात अजून अहवाल नव्हता. तो यायला पंधरा दिवस लागायचे. त्या खड्ड्याच्या तळाची प्रत्येक वीत माझ्या हाताखालून गेलेली होती, प्रत्येक जोड पाठ होता, आणि तरी तांब्या तोंडाजवळ नेताना मी पाणी हुंगलं. ते तिनेही पाहिलं. मी डोळे मिटले नाहीत. सगळा तांब्या रिकामा केला. पाणी गार होतं आणि गोड लागलं, निदान मला तसं वाटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पडते की काय हे बघत असावी. मग तिने पोहरा पुन्हा खाली सोडला, दोन्ही घागरी भरल्या आणि सुनेला म्हणाली, "घे, घरात ने. ह्याच पान्याचा सैपाक कर."

निघताना मी म्हटलं, "येते मावशी."

"फुडल्या साली बी ये," ती म्हणाली. "तपासायला नगं, प्यायला ये. ज्या साली यायची न्हाईस, त्या साली काय समजायचं त्ये म्या समजंन."

याला सोळा वर्षं झाली. ती कंपनी मी कधीच सोडली. आता पुण्यात दुसरंच काम करते. विहिरींचं पाणी दुसरी मुलं तपासतात, अहवाल चांगले येतात असं ऐकते. तरी दर पौषात एक दिवस रजा काढते, दोन एसट्या बदलून माळशेंडीला जाते, आणि गयाबाई देईल तो तांब्या तिच्यासमोर उभी राहून पिते.